आकाशातून आलेला शिधा

दगडाला वास येतो असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला हसूच येईल. परंतु २८ सप्टेंबर १९६९ रोजी, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मर्चिसन या गावाच्या परिसरात जे काळे दगड आकाशातून पडले, त्यांना स्पिरिटासारखा वास येत होता, अशी नोंद आहे. एक तुकडा तर एका कोठाराचे छप्पर फोडून आतील वाळल्या गवतात जाऊन पडला. पुढे गोळा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे १०० किलोग्रॅम भरले. हे दगड कार्बनयुक्त अशनींच्या दुर्मिळ वर्गातले होते, आणि त्यांच्या पोटात असे काही दडले होते की, त्यामुळे एका फार जुन्या प्रश्नाला नवे वळण लागले. निर्जीव द्रव्यापासून जीव कसा निर्माण झाला, हा तो प्रश्न होय.

सजीवांच्या शरीरात आढळणारी द्रव्ये जीवनशक्तीवाचून तयार होऊच शकत नाहीत, असे एकेकाळी समजत असत. १८२८ साली फ्रीड्रिख व्होलर या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला, आणि या समजुतीला पहिला तडा गेला. विसाव्या शतकात रशियात ओपारिन यांनी १९२४ साली व इंग्लंडमध्ये हॉल्डेन यांनी १९२९ साली असे प्रतिपादिले की, आदिकालीन पृथ्वीवर अशी द्रव्ये आपोआप तयार होऊन साचली असावीत. १९५३ साली शिकागो येथे स्टॅन्ले मिलर या तरुण संशोधकाने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांतच त्या काचपात्रात ॲमिनो अम्ले तयार झाली. ॲमिनो अम्ले म्हणजे प्रथिनांच्या भिंतीतल्या विटाच. मात्र आदिकालीन वातावरण खरोखर तसेच होते काय, याविषयी पुढे शंका निघाल्या. मग या विटा बाहेरून, अंतराळातून तर आल्या नसतील?

ही कल्पना मोहक खरी. पण मोह आणि पुरावा यांत अंतर असते. १४ मे १८६४ च्या रात्री दक्षिण फ्रान्समधील ओर्गेय या गावाजवळ याच वर्गातले दगड पडले. त्याच्या थोडेच दिवस आधी, एप्रिल महिन्यात, लुई पाश्चर यांनी पॅरिस येथे व्याख्यान देऊन, जीव आपोआप उत्पन्न होत नाही, असे ठासून सांगितले होते. ओर्गेयचा एक तुकडा काचेच्या बरणीत बंद करून वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आला. सुमारे शंभर वर्षांनी तो तपासला, तेव्हा आत वनस्पतीचे बी सापडले. आकाशातून बी आले म्हणून कोणालाही हर्ष व्हावा. परंतु एडवर्ड अँडर्स व त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली दाखवून दिले की, ते बी लव्हाळ्यासारख्या एका पृथ्वीवरच्याच तृणाचे आहे. त्याच्या सोबतीला दगडी कोळशाचे कण होते, आणि हे सर्व सरसाने दगडात बेमालूम बसविलेले होते. कोणा अज्ञात गृहस्थाने केलेली ती लबाडी तब्बल शंभर वर्षे कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

लबाडी नसली तरी संकट टळत नाही. माणसाच्या बोटाचा नुसता स्पर्श झाला, तरी दगडाला ॲमिनो अम्ले चिकटतात. तेव्हा सापडलेले द्रव्य आकाशातले की आपल्याच हातचे, याचा निवाडा करावा कसा?

हा निवाडा हातांनीच केला, असे म्हणता येईल. डावा आणि उजवा हात सारखे दिसतात. पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही. ग्लायसीन हे सर्वांत साधे अम्ल वगळले, तर प्रथिनांतील ॲमिनो अम्लांचीही अशीच डावी आणि उजवी रूपे असतात. प्रयोगशाळेत ती साधारणतः निम्मी-निम्मी तयार होतात. सजीव सृष्टीत मात्र प्रथिने घडविताना केवळ डाव्या रूपाचाच उपयोग होतो. अर्थात दगडात डावी रूपेच सापडली, तर ती पृथ्वीवरची घाण समजावी. दोन्ही सारखी सापडली, तर त्यांचा जन्म जीवावाचून झाला असे मानण्यास आधार मिळतो.

मर्चिसनचा दगड योग्य वेळी आला. चंद्रावरची माती तपासण्यासाठी अमेरिकेतील प्रयोगशाळांनी सूक्ष्म उपकरणे नुकतीच सिद्ध केली होती. चंद्राच्या मातीने या बाबतीत निराशा केली. पण उपकरणे वाया गेली नाहीत. कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात हे काम चालविणाऱ्या मंडळींत सिलोनमध्ये जन्मलेले सिरिल पोन्नम्पेरुमा हे होते. त्यांनी मद्रास विद्यापीठाची पदवी घेतली होती, आणि तीही तत्त्वज्ञान या विषयात. १९७० च्या अखेरीस या मंडळींनी जाहीर केले की, दगडात ग्लायसीन, अलानीन आदी ॲमिनो अम्ले आहेत, त्यांची डावी-उजवी रूपे जवळजवळ समसमान आहेत, आणि प्रथिनांत न आढळणारी काही अम्लेही त्यांत आहेत. हातचा मळ असा असत नाही.

१९९७ साली याच दगडातील काही अपरिचित अम्लांत डाव्या रूपाचे प्रमाण शेकडा २ ते ९ अधिक असल्याचे आढळले. जीवसृष्टीचा डावखुरेपणाही आकाशातूनच आला की काय, अशी आशा तेव्हापासून वाटू लागली. परंतु पृथ्वीवर पडलेल्या दगडाविषयी थोडा तरी संशय राहतोच. म्हणून माणूसच आकाशात जाऊन दगड घेऊन आला. जपानच्या यानाने र्‍युगू या लघुग्रहावरून सुमारे ५.४ ग्रॅम द्रव्य डिसेंबर २०२० मध्ये आणले. अमेरिकेच्या यानाने बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम द्रव्य २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर उतरविले.

जानेवारी २०२५ मध्ये बेन्नूचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रथिनांतील २० ॲमिनो अम्लांपैकी १४ त्यात होती. आनुवंशिक गुणांचा लेख ज्या पाच अक्षरांत लिहिला जातो, ती न्यूक्लिइक अम्लांतील पाचही आम्लारी द्रव्ये होती. अमोनिया मुबलक होता. एवढेच नव्हे, तर मिठागरात पाणी आटून मीठ उरावे, तसे खारे पाणी आटून उरलेले क्षारही होते. म्हणजे ज्या मोठ्या खगोलाचा बेन्नू हा अवशेष आहे, त्याच्या उदरात एकेकाळी पाणी खेळत होते. परंतु डावी-उजवी रूपे पाहिली, तर ती जवळजवळ समसमान! मर्चिसनने दाखविलेली आशा बेन्नूने मंदावली. जीवसृष्टी डावखुरी का झाली, हे कोडे पुन्हा पृथ्वीच्याच पदरात पडले.

बेन्नूची खरी शिकवण याहूनही खोल आहे. तेथे पाणी होते, क्षार होते, विटा होत्या, अक्षरे होती. आणि इतके सर्व असूनही जीवाचा मागमूस नाही. शिधा घरपोच आला म्हणजे स्वयंपाक झाला, असे होत नाही. त्याला चूल लागते, आच लागते आणि वेळ लागतो. ती चूल आदिकालीन पृथ्वीवर कोठे पेटली, एखाद्या उथळ डबक्याच्या काठी की समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यापाशी, याचा शोध चालू आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा शिधा आकाशात अजून जसाच्या तसा पडून आहे, आणि त्याच जातीच्या द्रव्यापासून घडलेला माणूस आज तो हातात घेऊन पारखीत आहे.