खुनाच्या खटल्यातला जामीन

खुनाच्या आरोपीला जामीन मिळाला,
की गावात कुजबुज होते, ‘सुटला!’
सुटला नाही.
खटला अजून उभाच आहे.

असा जामीन बहुतेक वेळा
सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय देतं.
न्यायाधीश पाहतात,
सकृद्दर्शनी पुरावा किती भक्कम?
आरोपी पळून जाईल का?
साक्षीदारांना धमकावेल का?

हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो.
साक्षीदार कधी त्याच गल्लीत राहत असतो.
म्हणून काही वेळा अट पडते,
खटला संपेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही.

पुन्हा सांगते,
जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.
अट मोडली, तर तो रद्दही होऊ शकतो.

आणि हो,
पोलिसांनी ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही,
तर जामीन हा आरोपीचा हक्कच ठरतो.
तो मागावा मात्र लागतो,
दोषारोपपत्र येण्याआधी.