दुखण्याचे गुण

पस्तीस वर्षें मीं दुसऱ्यांना गुण दिले. स्वतःच्या दुखण्याला गुण देण्याचा प्रसंग येईल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं माझ्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या रात्रीं परिचारिकेनें विचारलें, “सर, शून्य ते दहा, किती दुखतें आहे?”

आतां माझी अडचण लक्षांत घ्या. निबंधाला दहापैकीं सातांहून अधिक गुण मीं आयुष्यांत कोणाला दिले नाहींत. गुडघ्यांत कोणी पहार फिरवीत असावा असें वाटत असतांहि मीं सुधारणेस वाव ठेवला आणि म्हणालों, “चार.” तिनें चार लिहून घेतले आणि चारांच्या लायकीची साधी गोळी हातावर ठेवली. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ व्यापारी होते. घासाघीस व्हावयाचीच, हें गृहीत धरून त्यांनीं “बारा” सांगितले. त्यांना ट्रॅमाडॉल मिळालें व ते घोरूं लागले. मी रात्रभर पंख्याचीं पातीं मोजीत राहिलों. तीं तीनच होतीं.

सकाळीं डॉक्टर हंसून म्हणाले, “सर, ही परीक्षा नव्हे. येथें कमी गुण देऊन कोणाचें कल्याण होत नाहीं.” मग मलाहि तें औषध मिळालें, व त्याबरोबर एक रेचक. हें रेचक मीं अपमान समजून बाजूला ठेवलें. परंतु अफूच्या जातीचें औषध एकट्या वेदनेला निजवीत नाहीं; आंतड्यांनाहि निजवितें. मेंदूची गुंगी कांहीं दिवसांत ओसरते, आंतडीं मात्र जागीं होत नाहींत. पांचव्या दिवशीं मीं तेंच रेचक मोठ्या आदरानें मागवून घेतलें.

घरीं आल्यावर चार गोळ्या उरल्या. विरजण मागावें तितक्या सहजपणें शेजारच्या काकूंनीं त्या कंबरेसाठीं मागितल्या. “काकू, 2018 सालापासून हें औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं आहे,” असें सांगतांच त्यांनीं, इतके दिवस कोणाच्या शेजारीं राहिलों, अशा नजरेनें माझ्याकडे पाहिलें.

येथपर्यंत हंसण्याचें झालें. पुढचें सांगावयास मन कचरतें, तरी सांगतों.

या शस्त्रक्रियेच्या चार वर्षें आधीं माझा धाकटा भाऊ कर्करोगानें अंथरुणास खिळला. डॉक्टरांनीं मॉर्फिन सुचविलें. भावजय माझ्याकडे पाहून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही म्हणाल तसें.” मीं ताठ मानेनें सांगितलें, “आमच्या घरांत अफू शिरणार नाहीं. संवय लागेल.” त्याच घरांत आजीच्या काळीं रडणाऱ्या पोराला अफूची बाळगोळी चाटवीत असत, हें मी सोयीस्करपणें विसरलों. ज्याच्या हातांत थोडे महिने उरले होते, त्याला पुढें संवय लागेल, अशी मला धास्ती!

अठरा दिवस तो कण्हत होता. शेवटीं वेदनाशमनाचें काम करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनीं मला समोर बसविलें. त्या म्हणाल्या, “सर, दुखेल तेव्हां द्यावयाचें नाहीं. घड्याळाप्रमाणें, दर चार तासांनीं, मापून द्यावयाचें. दुखणें वर्गांत शिरण्यापूर्वींच तास सुरू व्हावा.” वेळापत्रकाची भाषा मला समजली. तिसऱ्या दिवशीं भाऊ उशीला टेकून बसला, चहा मागितला आणि मला म्हणाला, “दादा, अठरा दिवस तूं मला वर्गाबाहेर उभें केलेंस.” पुढें तो दोन महिने जगला, पण ते दोन महिने तो आमच्यांत होता.

माझी भीति अगदींच निराधार होती, असेंहि नाहीं. 1805 च्या सुमारास सेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधकारानें अफूचें सत्त्व वेगळें काढून मॉर्फियस या स्वप्नदेवतेचें नांव त्यास दिलें. पुढें 1898 सालीं बायर कंपनीनें हेरॉइन हें खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आणलें! अमेरिकेंत 1996 सालीं ऑक्सिकॉन्टिन आलें. त्याच्या व्यसनाचा धोका कमी करून सांगितल्याबद्दल 2007 सालीं पर्ड्यू कंपनीनें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. तिकडे खैरात झाली, इकडे दुष्काळ पडला. 1985 च्या आमच्या कायद्यानें परवान्यांचे इतके खेटे लावले कीं पुष्कळ रुग्णालयांनीं मॉर्फिन ठेवणेंच सोडलें. मंदसोर-नीमचच्या शेतांतील अफू परदेशीं औषधांसाठीं जाई, आणि आपला रोगी घरीं कण्हत राही. 2014 सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन वाट कांहींशी मोकळी झाली.

तेव्हां, श्रोतेहो, हें औषध देवहि नव्हे, राक्षसहि नव्हे. तें तापट पण कामाचें घोडें आहे. लगाम डॉक्टरांच्या हातीं असूं द्या. मात्रा आपल्या मनानें वाढवूं नका, उरलेली गोळी शेजारीं देऊं नका, रेचक नाकारूं नका. आणि घरांत कोणी कण्हत असेल, तर त्याच्या दुखण्याचे गुण त्यालाच देऊं द्या. तो दहा म्हणाला, तर दहाच लिहा. मीं एकदां दुसऱ्याची उत्तरपत्रिका स्वतः तपासली. ती चूक आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं.