फुप्फुसांचे पहारेकरी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर धूळ, धूर आणि जंतूही आत शिरतात. तरी आपण रोज आजारी पडत नाही. याचे श्रेय फुप्फुसांतील पहारेकऱ्यांना आहे. तेथील कोट्यवधी वायुकोशांत भक्षक पेशी अहोरात्र फिरत असतात आणि परका कण दिसताच तो गिळतात. पेशींचा हा गुण मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या अळीला काटा टोचून पाहिला. पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु हेच पहारेकरी कधी कधी घरावर उलटतात. कुंपणच शेत खाऊ लागते, तसे. संकट दिसले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची कुमक रक्तातून येते. त्या इलास्टेज हा पाचक रस सोडतात. तो आवरण्यासाठी आपले यकृत अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन तयार करते. ज्यांच्या रक्तात हे प्रथिन फारच कमी असते, त्यांची फुप्फुसे तरुणपणीच निकामी होऊ लागतात, असे १९६३ साली स्वीडनमधील लॉरेल व एरिक्सन यांनी दाखवून दिले. विडी-सिगारेटचा धूर तर दुहेरी घात करतो. तो न्यूट्रोफिलांची गर्दी वाढवतो आणि त्यांना आवरणारे प्रथिनही निष्प्रभ करतो. मग वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि जिना चढताना दम लागतो. गेलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत.

दगडाच्या खाणीतील धुळीचेही तसेच. भक्षक पेशी सिलिकाचा कण गिळते, पण तो पचत नाही. ती मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो गिळते. हे चक्र चालू राहते व फुप्फुसांत व्रण साठत जातात.

कर्करोगाची तऱ्हा याहून निराळी. तो पहारेकऱ्यांनाच फितवतो. काही भक्षक पेशी गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. रोगट पेशींना मारणाऱ्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचा लगाम असतो. तो कर्करोग ओढून धरतो. हा लगाम जपानमधील क्योटो येथे होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. तो सैल करणारे औषध २०१५ पासून अमेरिकेत फुप्फुसांच्या कर्करोगावर वापरात आले. अशाच दुसऱ्या लगामावर काम करणारे ॲलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध सर्वांनाच लागू पडत नाही. आणि गंमत पाहा, लगाम सुटलेल्या टी-पेशी काही रुग्णांच्या निरोगी फुप्फुसांवरच धावून जातात. मग दाह शमवण्यासाठी त्यांना पुन्हा आवरावे लागते.

तात्पर्य हे की, आपल्याला पहारेकरी हवेत, पण ताळतंत्र सांभाळणारे. त्यांना विनाकारण डिवचू नये, एवढे तर आपल्या हाती आहे. मुलांनो, पहिली विडी कोणी पुढे केली तर नकार द्या. घरात चूल पेटत असेल तर आईच्या डोक्यावरील धुराला वाट काढून द्या. खाणीत काम करणाऱ्यांनी दगड फोडताना पाणी मारावे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा अधिक राहिला तर घरगुती काढ्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.