ओढ्याचा काठ आणि पाखरं
(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



बचतीचा हिशोब झाला, आता पाच मिनिटं ओढ्याविषयी बोलू. पावसाआधी ओढा खोल करायचं काम निघतं. जेसीबी आला की काठावरचे करंज, उंबर, शिंदी आधी जातात. जळण मिळतं म्हणून आपणही गप्प बसतो. पण त्या झाडांवर कोण राहतं ते बघा.

माण, आटपाडी, सांगोला हा आपला दुष्काळी पट्टा. माळावर कुसळी गवत, तुरळक बोरी-बाभळी. तिथं चंडोल, तित्तर, माळटिटवी. ओढ्यात उतरलं की पाखरं बदलतात. उंबर पिकला की तांबट येतो, आपला राज्यपक्षी हरियल येतो. दाट पानांत हळद्या झोळीसारखं घरटं बांधतो. काठाच्या उभ्या मातीत खंड्या बीळ करतो. थंडीत उत्तरेकडून धोबी येतो आणि शेपूट हलवत ओल्या वाळूतले किडे टिपतो.

एवढी गर्दी कशामुळं? ओढा आटला तरी खाली ओल असते. झाडं हिरवी राहतात, पाचोळ्यात किडे वाढतात. खाली गवत, मध्ये झुडूप, वर उंच झाड, म्हणजे तीन मजली घरच की! ज्याला जो मजला मानवतो, तो तिथं राहतो.

सुगरणीचं तर ऐकाच. नाव बाईचं, पण खोपा विणतो नर. मादी येऊन पाहते, पसंत पडला तरच राहते. (हसू नका, घरी सांगा.) खोपे बहुतेक पाण्यावर झुकलेल्या शिंदी-बाभळीला असतात, तिथं साप, मांजर सहसा पोचत नाही. सुगरण बाजरीच्या कणसावर बसते, हे खरंच. पण पिलांना अळ्या-किडे भरवते, तेही आपल्याच रानातले.

म्हणून माळावरही झाडंच झाडं लावायची का? नको. चंडोल, तित्तर, टिटवी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना उघडा माळच लागतो. झाडं ओढ्याला असू द्या.

१ मेच्या ग्रामसभेत आपण एवढंच मागू: गाळ काढा, पण काठाची झाडं ठेवा. एप्रिल-मेमध्ये हळद्या, खंड्या घरट्यात असतात, तेव्हा तोड नको. जळणाला वेडी बाभूळ आहे, तीही टप्प्याटप्प्यानं काढू, नाहीतर काठ ढासळेल. केरसुण्या करणाऱ्या गटांनी शिंदीची पानं घ्यावीत, शेंडा मात्र तोडू नये. शेंडा गेला की शिंदी मरते.

ग्रामसभेत हे कोण मांडणार, तिनं आज सचिवताईंकडे नाव द्यावं.