माघारीची वेळ

(नागोठणे येथे श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



२१ जुलै २०२४ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष ज्यो बायडेन यांनी निवडणुकीच्या शर्यतीतून माघार घेतली. मतदान ५ नोव्हेंबरला व्हायचे होते. एका तरुणाने तेव्हा मला विचारले, “आपल्याकडे राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराने अशी ऐनवेळी माघार घेतली तर?” प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधताना मी थेट तुमच्या रोहे तालुक्यात येऊन पोहोचलो.

आधी कायदा पाहू. आपली ही निवडणूक १९५२ च्या कायद्यानुसार होते. अधिसूचना निघाली की चौदाव्या दिवशी अर्जांची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. २०२२ चे उदाहरण घ्या. १५ जूनला अधिसूचना, २९ जूनला अर्जांची अखेर, ३० जूनला छाननी, २ जुलैला माघारीची अखेर आणि १८ जुलैला मतदान. २ जुलैच्या दुपारी तीनपर्यंत लेखी सूचना दिली तरच ती माघार! एकदा दिलेली सूचना परत घेता येत नाही. आणि मुदत टळल्यावर उमेदवाराने पत्रकार परिषद घेऊन शंभरदा सांगितले, “मी रिंगणात नाही”, तरी कायद्याच्या लेखी तो रिंगणातच असतो. त्याचे नाव मतपत्रिकेवर राहते आणि त्याला पडलेली मते मोजली जातात. उमेदवाराचा मृत्यू ओढवला तर मात्र मतदान रद्द होऊन प्रक्रिया नव्याने सुरू होते.

अमेरिकेत असे नाही. तिथे उमेदवार हा प्रथम पक्षाचा असतो. बायडेन दूर झाले तेव्हा पक्षाच्या अधिवेशनाने त्यांना अद्याप रीतसर उमेदवारी दिलेली नव्हती. प्रतिनिधींनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कमला हॅरिस यांना मते दिली. १९७२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगलटन अधिवेशनानंतर बाजूला झाले, तेव्हा पक्षाच्या राष्ट्रीय समितीने सार्जंट श्रायव्हर यांना उभे केले. १८७२ ची कथा याहून विलक्षण. होरेस ग्रीली निवडणूक हरले आणि निर्वाचकांनी मते देण्यापूर्वीच वारले. त्यांच्या ६६ निर्वाचकांपैकी ६३ जणांनी इतरांना मते दिली. तिघांनी दिवंगतालाच मत दिले आणि ती तीन मते काँग्रेसने मोजली नाहीत.

आपल्याकडे पक्षाला उमेदवार बदलण्याचा असा अधिकार नाही. पण उमेदवार उभा असताना पक्षानेच माघार घेतली तर? हे आपण १९६९ मध्ये पाहिले आहे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना अधिकृत उमेदवारी दिली. रेड्डींनी लोकसभेचे अध्यक्षपद सोडले. कार्यवाहक राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. आणि जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांनी ज्यांना पाठिंबा दिला, ते होते आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख.

महाडजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील रोह्याला वकिली करीत. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, केंब्रिजचे शिक्षण, आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री! १९५२ मध्ये ते याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. येथील अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी त्यांना मत दिले असेल.

मतदान १६ ऑगस्टला होते. त्याच्या ऐन तोंडावर पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ‘विवेकबुद्धीनुसार मत द्या’ अशी हाक दिली. अर्थ स्पष्ट होता : स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवाराला मत देण्याचे बंधन नाही. माघारीची मुदत केव्हाच टळली होती. रेड्डींना आता दूर होता येत नव्हते आणि त्यांच्या पाठीशी पूर्ण पक्षही उरला नव्हता.

निकाल असा लागला : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. एकूण ८,३६,३३७ मतमूल्यापैकी विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. ती कोणालाच मिळाली नाहीत. मग तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली गेली. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. कोट्याहून गिरींची मते अवघी १,९०८ अधिक होती!

पुष्कळजण म्हणतात की देशमुख उभे राहिले नसते तर रेड्डी जिंकले असते. बंधूंनो, आकडे तसे सांगत नाहीत. बाद झालेल्या उमेदवारांकडून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, तर गिरींना १८,५६२. म्हणजे देशमुखांचा मतदार मुख्यतः रेड्डींकडेच वळला. कोणाकडेच न गेलेली १०,८३३ मते रेड्डींच्या पदरात घातली, तरी त्यांची बेरीज ४,१६,२६० होते आणि ती गिरींच्या खालीच राहते. पसंतीक्रमाच्या पद्धतीचे हेच मर्म आहे. या पद्धतीत तिसरा उमेदवार मते फोडत नाही. म्हणून ‘मते फुटतील, तुम्ही बसा’ हा आपल्या गावपातळीवरील निवडणुकीत नेहमी ऐकू येणारा आग्रह तिथे लागू पडत नाही. देशमुखांनी माघार घ्यावी असे गणित नव्हतेच. उरला होता केवळ मनाचा प्रश्न : पराभव निश्चित असता उभे राहावे का?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच आयुष्यात आहे. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जात आहे असे दिसताच त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला. तिथे पद हाती होते आणि ते त्यांनी सोडले. १९६९ मध्ये पद मिळणार नव्हते आणि तरी ते उभे राहिले. वरवर पाहता या दोन कृती परस्परविरुद्ध आहेत. पण दोन्हींचा कस एकच. आपल्या शब्दावर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना वाऱ्यावर सोडायचे नाही, हाच तो कस.

रेड्डींचेही पुढे काय झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्वपक्षाने ज्यांना मध्येच टाकले, तेच १९७७ मध्ये राष्ट्रपती झाले आणि तेही बिनविरोध. त्या वेळी ३७ अर्ज आले होते. छाननीत एकट्या रेड्डींचा उरला. आणि ज्या पक्षात ही फसगत घडली, तो काँग्रेस पक्ष १९६९ च्या नोव्हेंबरमध्येच दुभंगला.

म्हणून त्या तरुणाला मी एवढेच सांगितले : कायदा माघारीची तारीख ठरवतो, दुपारचे तीनही ठरवतो. पण कोठे मागे यायचे आणि कोठे पाय रोवून उभे राहायचे, हे ठरविणारा कायदा अजून कोणी लिहिलेला नाही. तो माणसाने स्वतःच लिहायचा असतो. अंबेच्या काठावरील या गावात पुढची ग्रामपंचायतीची निवडणूक येईल, कोणी तुमच्या दारात येऊन ‘बसा’ म्हणेल किंवा ‘उभे राहा’ म्हणेल, तेव्हा रोह्याच्या त्या वकिलाच्या मुलाची आठवण ठेवा.