अंदमानात झड लागली तर

आमच्या बचत गटाच्या आम्ही अकरा जणी श्रावणात अंदमानला जाऊन आलो, हे आता गावोगावी कळलंय. तेव्हापासून फोन येतात. तिकीट कितीला पडलं, विमानात भीती वाटली का, शाकाहारी जेवण मिळतं का, असं सगळं विचारतात. पण सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "तिथं पाऊस लागला तर दिवसभर करायचं काय?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे काय आहे ते आम्हाला ठाऊक आहे. महिन्याला पाचशे रुपये बाजूला टाकत चार वर्षं काढायची, घरच्यांची मनं वळवायची, जनावरांची, म्हाताऱ्यांची सोय लावायची आणि मग सहा दिवस मोकळे मिळायचे. त्यातले दोन दिवस खोलीत बसून गेले, तर घरी आल्यावर "पैसे पाण्यात घातले" हे ऐकायला लागतं. म्हणून आज या एकाच प्रश्नावर बोलूया.

आधी तिथला पाऊस समजून घ्या. केरळात मोसमी पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो. अंदमानात तो त्याच्याही आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो. आपल्याकडे तो सप्टेंबरअखेर परतायला लागतो, तिथं मात्र ईशान्येकडचे वारे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत पाऊस आणत राहतात. आपल्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण बरं वर्ष म्हणतो. अंदमानात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. कोरडे दिवस हवे असतील तर जानेवारी ते एप्रिल हे महिने धरा. पण तेव्हा गर्दी असते आणि दरही चढे असतात. आपल्यासारख्या बायका जातात त्या बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर भांगलण उरकल्यावर, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं.

हा पाऊस दोन तऱ्हांचा असतो. एक सर. ती धो धो येते, अर्धा-पाऊण तास बडवते आणि मग लख्ख ऊन पडतं. तिच्यासाठी बेत बदलू नका, कुठंतरी आडोशाला उभ्या राहा, चहा घ्या. दुसरी झड. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस आभाळ उघडत नाही, वारा सुटतो आणि बोटी बंद होतात. खरा प्रश्न या झडीचा. रोज सकाळी हॉटेलात हवामान खात्याचा अंदाज विचारा आणि आज सर आहे की झड हे ठरवून मगच बाहेर पडा.

आता झडीच्या दिवशी काय बघायचं ते सांगतो. पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम असं नाव आहे, पण रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत अजून बरेच जण जुनंच नाव घेतात. या एका शहरात छपराखाली बघण्यासारखं दोन दिवसांचं काम आहे.

पहिलं अर्थातच सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधलं. मधे एक मनोरा आणि त्याच्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या तीन मजली सात इमारती. आज त्यांतल्या तीन उभ्या आहेत. प्रत्येक कोठडी एकाच माणसाची, साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहरासुद्धा दिसू नये. विनायक दामोदर सावरकर १९११ ते १९२१ इथं होते. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. त्यांचे मोठे भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून इथंच होते. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मागं नाशिककडे राहिल्या आणि नवरा सुटून यायच्या आधीच वारल्या. आम्ही त्या ओवऱ्यांतून चालत होतो तेव्हा त्यांच्याबद्दल बराच वेळ बोललो. आत गेलेल्यांची नावं पाटीवर असतात. दारात वाट बघत बसलेल्यांची पाटी कुठं नसते.

तिथं कोलूही ठेवलाय. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायची सक्ती होती. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. आपण घाण्यावरून तेल आणणाऱ्या बायका, हा आकडा आपल्याला लगेच कळतो. बंगाल आणि पंजाबचे कैदीही इथं फार होते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नमोदास यांचा जीव गेला. त्यांचीही नावं वाचा, घाईनं पुढं जाऊ नका. पावसात गर्दी कमी असते, त्यामुळे जेल नीट बघायला तोच दिवस बरा. संध्याकाळचा प्रकाश आणि आवाजाचा खेळ मात्र उघड्यावर असतो, तो पावसानं रद्द होऊ शकतो. म्हणून त्याचं तिकीट पहिल्याच कोरड्या संध्याकाळी काढा.

दुसरं, मानववंशशास्त्राचं संग्रहालय. ओंगी, जारवा, ग्रेट अंदमानी, सेंटिनली, निकोबारी आणि शोंपेन या लोकांच्या टोपल्या, होड्या, बाण, झोपड्यांचे नमुने तिथं आहेत. टोपल्यांची वीण बघायला आमच्यातल्या दोघी तासभर हलल्या नाहीत. इथं एक सांगायलाच हवं. बाराटांगला जाताना जारवांच्या राखीव जंगलातून रस्ता जातो. "जारवा दाखवतो" असं कुणी म्हणालं, तर त्याला सरळ नाही म्हणा. तिथं थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला कायद्यानं बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या वाडीवर कुणी गाडी थांबवून आपल्याकडे बोट दाखवलं असतं तर आपल्याला चाललं असतं का? त्या लोकांबद्दल जाणून घ्यायचं तर संग्रहालय बरं.

तिसरं, नौदलाचं समुद्रिका संग्रहालय. दारातच देवमाशाचा सांगाडा आहे. आत शंख, शिंपले, प्रवाळ, मासे आणि बेटांची माहिती. समुद्र बंद असल्यामुळे जे पाण्याखाली बघता आलं नाही, त्यातलं थोडं इथं दिसतं. हे बघितल्यावर आणखी एक कळतं. किनाऱ्यावरचा शंख, प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकायचा नसतो. त्याला मनाई आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. नातवंडांसाठी काही न्यायचं तर सरकारी सागरिका दुकानातून पावतीसह घ्या आणि ती पावती जपून ठेवा.

चौथं, चॅथमची लाकडाची गिरणी. १८८३ साली सुरू झालेली ही सरकारी गिरणी एका छोट्या बेटावर आहे, पुलावरून जाता येतं. पडौक नावाच्या लालसर लाकडाचे ओंडके कसे चिरतात ते बघायला मिळतं, शेजारी वनखात्याचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी टाकलेल्या बाँबचा खड्डाही तिथं दाखवतात. १९४२ ते १९४५ ही बेटं जपानच्या ताब्यात होती. त्याच काळात, ३० डिसेंबर १९४३ ला नेताजी सुभाषचंद्र बोसांनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला.

एक गोष्ट वहीत लिहून घ्या. जेल आणि ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. चॅथमची गिरणी रविवारी बंद असते. म्हणून सोमवारी झड लागली तर गिरणी आणि अबर्डीन बाजार, रविवारी लागली तर जेल आणि संग्रहालय, असा बेत ठेवा. निघायच्या आधी हॉटेलातून फोन करून खात्री करा. अंधारही तिथं लवकर पडतो, थंडीत तर साडेपाचलाच. म्हणून दिवस सकाळी लवकर सुरू करा.

बाजारात गेलात की बायकांशी बोला. हिंदी सगळ्यांना येते. कुणी बंगाली, कुणी तमिळ, कुणी रांचीकडची. काही जणी म्हणतात, "हम लोकल हैं." हे लोकल म्हणजे बऱ्याचदा १८५८ नंतर इथं आणलेल्या कैद्यांचे वंशज. त्या कैद्यांत बायकाही होत्या. काही वर्षं शिक्षा भोगल्यावर त्यांना इथंच लग्न करून संसार थाटायची मुभा मिळायची. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून, जातीपातीची, भाषेची गाठ नसताना त्यांनी घरं उभी केली. अशा एका घरातल्या मावशींकडे आम्ही पाऊस थांबायची वाट बघत तासभर बसलो. नारळाच्या दुधातली माशाची आमटी त्यांनी कशी करायची ते सांगितलं, आम्ही त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली. त्या दिवशी आमचा एक रुपया खर्च झाला नाही.

आणि संध्याकाळी हॉटेलात काय करायचं, हे आपल्या बायकांना शिकवायला नको. श्रावणच होता. मॅनेजर दादांना विचारून जेवणाच्या खोलीतली टेबलं बाजूला सारली आणि फुगडी, झिम्मा, पिंगा, सगळं झालं. ओडिशाच्या एका कुटुंबातल्या सासू-सुनाही आल्या. पिशवीत सागरगोटे ठेवा, ते विजेशिवाय चालतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. तिथं बोटीनं दीड ते अडीच तास लागतात. वारा वाढला की बोटी बंद करतात. आमच्या तिसऱ्या दिवशी तेच झालं. सगळ्यांची तोंडं उतरली. तेवढ्यात धक्क्यावर एक जण येऊन म्हणाला, "ताई, छोट्या बोटीनं खाडीतून फिरवून आणतो, रोख द्या, कुणी विचारत नाही." दोघी-तिघी तयारही झाल्या होत्या. पैसे भरलेले, परत यायचं कधी? आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आक्का पुढं झाल्या. म्हणाल्या, "विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्र आपला होत नाही. मी पोरींना घरून नेलंय, तशाच घरी पोचवणार." तो विषय तिथंच संपला.

मैत्रिणींनो, अशा वेळी नाही म्हणणारी एक बाई प्रत्येक गटात हवी. ती घरूनच ठरवून न्या. तिच्या नाहीवर वाद घालायचा नाही, असंही आधीच ठरवा. मोठी बोट ज्या वाऱ्यात थांबते त्या वाऱ्यात छोटी बोट सुरक्षित कशी असेल? किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही उतरू नका. मगरीच्या पाट्या लावलेल्या असतात, त्या दिखाव्यासाठी नसतात. खाडीच्या आणि तिवरांच्या बाजूला पाण्यात पाय घालू नका.

डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. म्हणून बेत आखतानाच दोन गोष्टी पाळा. बाहेरची बेटं सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा. आणि परतीच्या विमानाच्या आदला पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. सकाळी हॅवलॉकहून निघून दुपारी विमान पकडू, असा बेत कुणी करून दिला तर तो बदलून घ्या. पैसे भरण्याआधी लेखी विचारा: बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते? रद्द झालेल्या रात्रीच्या खोलीचं काय?

सामानात छत्रीपेक्षा रेनकोट घ्या, वाऱ्यात छत्री उलटते. लवकर वाळणारे कपडे, न घसरणाऱ्या चपला, फोन आणि कागदांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. बीपी-साखरेच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या. बोट लागत असेल तर कुठली गोळी घ्यायची ते घरूनच डॉक्टरांना विचारून घ्या. थोडी रोकड जवळ ठेवा, पावसात नेटवर्क जातं. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड इथूनच न्या.

आम्ही हॅवलॉक बघितलं ते पाचव्या दिवशी, ऊन पडल्यावर, एकच दुपार. राधानगरचा किनारा फार सुंदर आहे. पण घरी आल्यावर आमच्या सासवांना, पोरांना आम्ही जे सांगत बसलो, ते जास्त करून पावसाच्या दिवसांतलं होतं.

तुमच्या गटाचा बेत ठरत असेल तर केंद्रावर येऊन भेटा. आमची खर्चाची वही आम्ही इथंच ठेवली आहे, बघून घ्या.