वॉरंटी संपली, डॅशबोर्डवर दिवे लागले

वॉरंटी संपली, गाडी मधेच बंद पडतीय आणि शोरूमवाले म्हणतात ईसीएम बदला. लगेच हो म्हणू नका.

आधी मीटर लावून घ्या. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत 14 च्या आसपास. तेवढं चढत नसेल तर डायनॅमो, बेल्ट, बॅटरीची टर्मिनलं बघा. मग अर्थिंग. काळी वायर बॉडीला जिथं कसलेली असते तिथं गंज धरला की स्कॅनरवर भलतेच कोड येतात. अन् उसाच्या फडाशेजारी गाडी लावत असाल तर बॉनेट उघडाच. उंदरांना वायरी लई आवडतात!

बाहेरचा इलेक्ट्रिशियन चालतो का? 2014 मध्ये स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना दंड केला होता. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या म्हणून.

पार्ट बदललाच तर जुना मागून घ्या, पक्कं बिलही. वाद झाला तर 1915 वर फोन, नाहीतर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत 2 वर्षं.